सुईची भीती : एक प्रॅक्टिकल

आम्ही एफ.ई.ला असताना आपल्या कॉलेजात रक्तदान शिबिर झालं होतं. मी रक्त द्यायला गेलो नव्हतो. मित्र देणार होता, मी फक्त त्याची बॅग धरायला. त्याच्या हातात सुई गेली आणि मी बॅगेसकट खाली! शुद्धीवर आलो तेव्हा कोणीतरी माझे पाय वर धरले होते. रक्ताचा एक थेंबही न देता ग्लुकोज बिस्किटं आणि फ्रूटी मिळालेला त्या शिबिरातला मी एकटाच. तेव्हापासून अख्ख्या बी विंगमध्ये माझं नाव फ्रूटी आहे. नवीन ज्युनियर्सना खरं नाव माहीतही नाही.

आधीच एक सांगून ठेवतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. ‘ळ’ आणि ‘ल’ची भांडणं अजून मिटलेली नाहीत. तेव्हा भाषेत गडबड दिसली तर सांभाळून घ्या. विषय मात्र मला पाठ आहे, कारण तो माझ्या दंडावर झालेला आहे.

घर आमचं मालवणच्या किनाऱ्यावर. बाबांची होडी आहे. पोहायला कधी शिकलो ते आठवत नाही, तारकर्लीच्या पाण्यात पाहुण्यांबरोबर खाली दगडांपर्यंत डुबकी मारून आलो आहे. आठवीत असताना जाळ्यातून मासे सोडवताना शिंगाळ्याचा काटा तळहातात घुसला होता. ज्यांनी शिंगाळा फक्त ताटात पाहिला असेल त्यांच्यासाठी सांगतो, त्या काट्याला करवतीसारखे दात असतात, आत जातो सहज आणि बाहेर येताना मांस घेऊन येतो. तेव्हा मी ओरडलो, पण चक्कर वगैरे काही नाही. म्हणून बाबांना माझं हे सुईचं प्रकरण कधी पटलंच नाही. “मेल्या, शिंगाळ्याचो काटो घुसलो तेवा रडूक नाय तू, आणि एवढ्याशा सुयेक भियातस?” त्यांच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आता आहे, पण ते पुढे.

दहावीत असताना एकदा होडीच्या नांगराने पाय कापला. बाबांनी पैसे दिले, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ये म्हणाले. मी दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो, आतून स्पिरिटचा वास आला, तिथूनच परत फिरलो आणि त्या पैशांचा वडापाव खाल्ला. घरी सांगितलं, घेतलं. काही झालं नाही ते माझं नशीब. (गंज लागल्यामुळे धनुर्वात होतो असं आपण समजतो, पण त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. आमच्या होडीचा नांगर किनाऱ्यावर कुठे कुठे पडलेला असतो ते मला चांगलं माहीत होतं.) हा अंक घरी जाणार आहे, म्हणजे ही गोष्ट बाबांना आज पहिल्यांदा कळणार. सॉरी बाबा.

एवढी वर्षं असं निभावून नेलं. मग यंदा मामाचा फोन आला.

मामा केनियात असतो, किसुमूकडे साखर कारखान्यात मेंटेनन्सला. म्हणाला, परीक्षा झाली की ये, महिनाभर राहा, कारखान्यात ट्रेनिंगचं बघतो. बॉयलर, टर्बाइन, मिल हाऊस, सगळं हाताने बघायला मिळणार! मी उड्या मारल्या. आणि शेवटी तो सहज म्हणाला, “यलो फीव्हरची लस तेवढी घे, त्याच्याशिवाय जमणार नाही.” त्या रात्री मेसमध्ये मी जेवलो नाही.

ही लस आपल्या मर्जीवर नाही. यलो फीव्हर, म्हणजे पीतज्वर, हा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही भागांतला विषाणूचा आजार. तो पसरवतो एडिस इजिप्ती डास, म्हणजे आपल्याकडे डेंग्यू पसरवतो तोच. गंमत अशी की भारतात हा डास भरपूर आहे, पण पीतज्वर नाही. म्हणून आपलं सरकार फार कडक आहे. त्या देशांतून येणाऱ्या माणसाकडे लसीचं प्रमाणपत्र नसेल तर त्याला विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. आधी मला हा जाच वाटला. मग डोक्यात चित्र आलं, मी ताप घेऊन घरी आलोय आणि विहिरीजवळच्या आमच्या पिंपातला डास मला चावून शेजारच्या काकूंकडे चाललाय. मग जाच वाटला नाही.

लस ०.५ मिलिलिटर, म्हणजे अर्धा सीसी, दंडाला कातडीखाली देतात. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, म्हणजे आदल्या दिवशी धावत जाऊन उपयोग नाही. पूर्वी ते दहा वर्षं चालायचं, ११ जुलै २०१६ पासून जन्मभर चालतं. मी हे वाचलं तेव्हा मला झालेला आनंद तुम्हाला कळणार नाही. जन्मात एकदाच! ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते. आपल्याला जवळची म्हणजे एक तर मुंबई, नाही तर गोव्यात मुरगाव बंदराचं आरोग्य कार्यालय. लस सुकवलेल्या पावडरीच्या रूपात येते, पाण्यात कालवली की सहा तासांत संपवावी लागते आणि एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात. म्हणून वार आणि नंबर ठरवून माणसं गोळा करतात. थोडक्यात, पळायला जागा नाही.

माझ्याकडे तीन आठवडे होते. सबमिशन्सही होती, पण ती नेहमीप्रमाणे रात्री होतात. मी लायब्ररीत आणि नेटवर या भीतीचा अभ्यास सुरू केला. आयुष्यात पहिल्यांदा सिलॅबसबाहेरचं काही इतकं मन लावून वाचलं असेन.

पहिला धक्का हा की ही भीती बाकीच्या भीतींसारखी नाही. कुत्रा अंगावर आला, उंचावरून खाली पाहिलं, व्हायवाला एक्स्टर्नलने बोलावलं, तर काय होतं? छाती धडधडते, रक्तदाब वाढतो. अशा वेळी माणूस पळेल, घाम फुटेल, पण सहसा चक्कर येऊन पडत नाही, कारण दाब चढलेला असतो. सुई, रक्त आणि जखम यांच्या भीतीत सुरुवात तशीच होते. ठोके वाढतात, दाब वाढतो. आणि मग सगळं उलटं फिरतं. व्हेगस नावाची मज्जा हृदयाचा वेग खाली आणते, त्याच वेळी पायातल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात.

आपल्या मेकॅनिकलच्या भाषेत सांगतो. पंपाचा आरपीएम कमी केला आणि त्याच क्षणी पाइपचा व्यास वाढवला, तर वरच्या टाकीचं काय होईल? टाकी म्हणजे डोकं. मेंदूला रक्त कमी पडतं, कानात समुद्र वाजतो, डोळ्यांपुढे कडेकडेने अंधार येतो आणि माणूस आडवा. आडवा झाला की डोकं आणि हृदय एका लेव्हलला येतात, हेडच उरत नाही, रक्त पोचतं आणि शुद्ध येते. म्हणजे पडणं हाच त्यावरचा इलाज आहे. फक्त पडताना टेबलाचा कोपरा लागू नये. आणि म्हणूनच पडलेल्याला कौतुकाने उठवून बसवू नये. शिबिरात माझे पाय वर धरणारा जो कोण होता त्याला थर्मोडायनॅमिक्स येवो न येवो, फ्लुइड मेकॅनिक्स येत होतं.

तर हा भित्रेपणा नाही, ही कंट्रोल सिस्टिमची खोड आहे. वर ओव्हरशूट, मग खाली अंडरशूट. आणि ती बरेचदा घराण्यात चालत येते असंही वाचलं. तेव्हा त्या ओळीकडे मी फारसं लक्ष दिलं नाही.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच सापडलं. शिंगाळ्याने नंबर लावून बसवलं नव्हतं! काटा घुसला तेव्हा तो घुसून झाला होता. सुईच्या वेळी आपण बाकावर बसतो, स्पिरिटचा वास घेतो, ट्रेचा आवाज ऐकतो, पुढच्या माणसाचा चेहरा बघतो. माझी भीती दुखण्याची नव्हतीच, वाट बघण्याची होती.

दुखण्याचं म्हणाल तर आकडे बघा. सुईचा गेज उलटा चालतो, आकडा मोठा तितकी सुई बारीक, आपल्या तारांच्या गेजसारखंच. लसीला साधारण २५ गेजची सुई वापरतात, तिचा बाहेरचा व्यास अर्धा मिलिमीटर. ड्रॉइंगला आपण ०.५ची लीड वापरतो ना, तेवढी. रक्तदानाची सुई १६ गेजची, दीड मिलिमीटरच्या वर. ती इतकी जाड का, तर प्वाझचं समीकरण आठवा, प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर जातो. व्यास निम्मा केला तर प्रवाह सोळावा हिस्सा. बाटलीभर रक्त बारीक सुईतून काढायचं तर दात्याला मुक्कामाला ठेवावं लागेल. अर्धा सीसी लस मात्र बारीक सुईतून सेकंदांत जाते. हे कळल्यावर मी पेन्सिलची लीड दंडाला लावून बघितली आणि रूममेटने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं.

माझ्यासाठी खरा उपयोगाचा शोध लागला तो लार्स-योरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीचा. १९८०च्या दशकात त्यांनी ती मांडली. कल्पना इतकी साधी आहे की आपल्याला का सुचली नाही असं वाटतं. दाब पडतोय? मग स्नायू आवळून दाब वर ढकला. सगळेजण भीती वाटली की ‘रिलॅक्स, लांब श्वास घे’ म्हणतात. चक्कर येणाऱ्यांसाठी हा सल्ला उलटा पडू शकतो, कारण सैल सोडलं की दाब आणखी उतरतो.

करायचं असं. खुर्चीत बसायचं. मांड्या, पोट आणि ज्या हाताला सुई नाही त्याची मूठ, हे सगळं घट्ट आवळायचं. दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत. मग सोडायचं, पण एकदम लोळागोळा व्हायचं नाही, फक्त नेहमीइतकं. वीस-तीस सेकंद थांबायचं. परत आवळायचं. असं पाच वेळा, आणि दिवसातून चार-पाचदा, आठवडाभर. श्वास रोखायचा नाही. सुईचा दंड मात्र ढिला ठेवायचा, ताठ दंडात सुई जास्त दुखते. हे तंत्र चक्कर येणाऱ्यांसाठी आहे, नुसती भीती वाटते पण चक्कर येत नाही त्यांना याची गरज नाही. ज्यांना ब्लड प्रेशर आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून करावं.

मी लेक्चरला शेवटच्या बाकावर बसून करायचो. एका सरांना वाटलं मला पोटाचा त्रास आहे. त्यांनी दोनदा बाहेर जायची परवानगी दिली.

दुसरा भाग म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी सुईची सवय. विंगमध्ये प्रिंटरची शाई भरायला एक सिरिंज होती, तिथून सुरुवात केली. पहिले दोन दिवस नुसती सिरिंज, सुई नाही. मग टोपण लावलेली सुई टेबलावर ठेवून जर्नल लिहायचं. मग टोपण काढून. मग नेटवर लस टोचतानाचा व्हिडिओ, आधी आवाज बंद करून. पहिल्या वेळी रूममेटने घड्याळ लावून माझी नाडी मोजली, ७८ची ११२ झाली आणि मी सरळ फरशीवर झोपलो. आठव्या-नवव्या वेळी ९०च्या वर गेली नाही, आणि रूममेटला कंटाळा येऊन तो जेवायला गेला. नियम एकच, भीती उतरायच्या आत पळायचं नाही. भीती टोकावर असताना पळालो की मेंदू शिकतो, पळालो म्हणून वाचलो. दहावीत मी वडापाव खाऊन मेंदूला नेमका तोच धडा दिला होता.

मधल्या रविवारी घरी गेलो. आजीला सांगितलं तर ती हसायलाच लागली. पदर सारून तिने दंड दाखवला. दोन गोल वण, रुपयाएवढे, देवी काढल्याचे. त्या काळी आपल्याकडे काटेरी चकती कातडीवर दाबून फिरवायचे, त्यातून लस आत जायची. दोन टोकांची साधी सुई साठच्या दशकाच्या अखेरीस आली. “आमच्या टायमार देवी काढूक येयत. मी पळान माडाआड लपलंय,” आजी म्हणाली. मग? “मगे काय, धरून हाडलो आणि काढली.” पण त्या वणांची किंमत मला नंतर कळली. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५चा, आणि १९८०मध्ये जगातूनच देवी गेल्याचं जाहीर झालं. त्याआधी परदेशी जाणाऱ्याला देवीचं प्रमाणपत्र लागायचं, आज मला पीतज्वराचं लागतं तसंच. ती ओळ नंतर कार्डावरून खोडली गेली.

लस आणि प्रवास यांचं नातं आपल्याकडे जुनंच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा शहरातून माणसं गावाकडे पळाली, त्यात आपले कोकणातले गिरणीकामगार किती तरी. त्याच गडबडीत वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस बनवत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. १० सीसी! माझ्या डोसच्या वीसपट, आणि बनवलेली लस आधी कोणत्याही माणसाला दिलेली नव्हती. त्यांना ताप आला, आणि दुसऱ्यांना द्यायला ते मोकळे झाले. परळच्या हाफकिन संस्थेला १९२५ पासून त्यांचं नाव आहे.

पण लोक तेव्हा सुईला भ्यायचे ते अडाणी म्हणून, असं मी म्हणणार नाही. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस दिलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. दोष हाफकिनवर आला, आणि लसीत नव्हे तर ती देण्याच्या हलगर्जीत चूक होती हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं. आज सुई एकदाच वापरून टाकतात, समोर पाकीट फोडतात, त्यामागे अशी माणसं आहेत. तेव्हा समोर पाकीट फोडा म्हणायला लाजू नका, तो आपला हक्क आहे.

शेवटी तो दिवस आला. पहाटे कुडाळहून गाडी पकडली, मडगावला उतरून बसने वास्को. पोटभर खाल्लं होतं (उपाशीपोटी चक्कर लवकर येते) आणि अर्ध्या तासापूर्वी अर्धा लिटर पाणी प्यायलो होतो, तेही दाब टिकायला मदत करतं. रांगेत जास्त करून बोटीवर जाणारे लोक. माझ्या पुढे एक आडदांड खलाशी होता, दंडावर नांगर गोंदवलेला. त्याचे ओठ पांढरे पडत चालले होते. मी ते ओठ ओळखले, आरशात पाहिले होते! मी हळूच विचारलं, चक्कर येते का? त्याने मान हलवली. गोंदवून घेतलं तेव्हा? “तेव्हा प्यायलो होतो,” तो म्हणाला. मग आम्ही दोघं बाकावर बसून मांड्या आवळत राहिलो, मी त्याला सेकंद मोजून देत होतो. मोजण्याच्या नादात माझा नंबर कधी आला कळलं नाही.

कॉन्व्हेंटवाल्याच्या कानात ‘सिस्टर’ म्हणजे पट्टी घेतलेली नन. पण आत बसलेल्या सिस्टरना मी पाठ केलेलं वाक्य म्हणालो, “सिस्टर, मला सुईने चक्कर येते, मी आडवा पडून घेऊ का?” हे वाक्य पाठ करायला तीन दिवस लागले होते, सगळ्यात कठीण भाग तोच. त्या अजिबात हसल्या नाहीत. “भियेनाका,” म्हणाल्या आणि बाकड्याकडे बोट दाखवलं. अंड्याची ॲलर्जी आहे का विचारलं, कारण ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात. मी मांड्या आवळल्या, दंड सोडला, आणि छताच्या पंख्याचे आरपीएम मोजायला लागलो. एक खोकला काढ म्हणाल्या, मी खोकलो, आणि झालं होतं. कानात समुद्र आला थोडा, खोटं कशाला बोलू. पण आवळत राहिलो आणि तो ओसरला. नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवलं. खलाशी आला, माझ्या शेजारी बसला, आणि आम्ही त्याच्या डब्यातली चपाती-भाजी खाल्ली.

पिवळं कार्ड घेऊन दुसऱ्या दिवशी घरी गेलो. आईसमोर ठेवलं आणि सगळं सांगायला लागलो, अगदी अभिनयासकट. बाकावर आलो तेव्हा आई भिंतीला टेकली. तिच्या ओठांचा रंग गेला होता. “काय झाला गो आये? चेहरो पांढरो कित्याक पडलो?” मी नुसतं सांगत होतो, सुई कुठेच नव्हती. मी तिला आडवी केली, पाय उशीवर घेतले. घराण्यात चालत येते, ती ओळ तेव्हा आठवली.

मग हळूहळू निघालं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला साखर तपासायला सांगितली होती. पायांना मुंग्या येतात, रात्री उठून पाणी पिते, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. ती चिठ्ठी देवाच्या कपाटात होती, चार घड्या घातलेली. मी लहान असताना मला इंजेक्शनला बाबाच का न्यायचे, तेही त्या दिवशी कळलं.

पुढचे पाच दिवस मी कॉलेजला दांडी मारली (वर्गशिक्षकांनी हे वाचलं असेल तर खरं कारण हे आहे). संध्याकाळी भांडी झाली की आई पडवीत खुर्चीवर बसायची, पायावर पाय टाकून आवळायची, मी सेकंद मोजायचो. आजी म्हणायची, सासू-सुनेत एकीला तरी माड सापडला नाही. सहाव्या दिवशी सकाळी उपाशीपोटी मालवणच्या लॅबमध्ये गेलो. तपासणीला खाऊन चालत नाही, म्हणून घरून निघताना नुसतं पाणी पाजलं. तिथल्या मुलाला तिने स्वतःच सांगितलं, मी झोपून देणार. त्याने रबर बांधलं. तिने दुसऱ्या हाताने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटांचे ठसे दुपारपर्यंत होते.

बाहेर आल्यावर तिने पहिल्यांदा चहा मागितला. बिनसाखरेचा. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता.